डब्याच्या मागोमाग

आमच्या गावाला मुक्कामी गाडी येते. संध्याकाळी येऊन देवळापुढच्या मोकळ्या जागेत थांबते आणि सकाळी साडेसातला लोह्यावरून नांदेडला निघते. दीड वर्ष माझा डबा रोज या गाडीनं नांदेडला गेला. मी स्वतः तिच्या पायरीवर कधी पाय ठेवला नव्हता.

डबा पोरीचा. बारावीनंतर ती नांदेडला कॉलेजात आहे. तिघीजणी मिळून एका खोलीत राहतात. खोलीत गॅस ठेवायला घरमालक नाही म्हणतो आणि मेसचं जेवण तिला सोसलं नाही. मग आमच्या भागातल्या पुष्कळ लेकरांचं जसं असतं तसंच तिचंही चाललं होतं. आईनं सकाळी डबा बांधून गाडीत द्यायचा, डायवरनं तो स्टँडवर उतरवून ठेवायचा, पोरीनं तिथून उचलायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. डब्याला तिकीट लागत नाही. कुणी नाव लिहून घेत नाही. कुणाचा डबा कुणी नेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या राखीला पोरगी घरी आली ती हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी बोट टोचलं आणि रक्त सात आहे म्हणाल्या. लाल गोळ्या दिल्या, पण त्या घेतल्या की तिला मळमळायचं. मग त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, शेवग्याचा पाला द्या, जवस द्या, तीळ, गूळ-शेंगदाणे, बाजरीची भाकरी, लोखंडी कढईत भाजी करा. शेवगा माझ्या दारातच आहे. दुसऱ्या दिवसापासून मी लागले. रोज उजाडायच्या आत पाला तोडायचा, निवडायचा, कढईत टाकायचा. सोबत जवसाची चटणी आणि गुळाचे दोन लाडू. एक दिवस खाडा केला नाही.

दिवाळीला रक्त सातच. संक्रांतीला साताच्या नावाला वर. सिस्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाठवता ते ही खाती का पण?"

"डबा तर रिकामा येतो की," मी म्हणाले.

आमचे मालक, पोरीचे वडील, ओट्यावर बसून ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "होळीपर्यंत पाहू. होळीलाबी असंच असलं तर वह्या-पुस्तकं बांधून घरी आनायची. जीव हाय तर शिक्षन हाय. आन एकदा घरी आली की पावने बगायला मी मोकळा."

 पोरीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मीही आईकडं असंच बघितलं होतं, हे मला त्या वेळी आठवलं.

सिस्टरबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. डबा रिकामा येतो, म्हणजे कुणीतरी जेवतं. माझी पोरगी जेवत नसेल तर कोण जेवतं?

माघातली सकाळ होती. रानात हळद शिजवायचं काम सुरू होतं, मालक अंधारातच गेले होते. मी डबा घेऊन गाडीकडं आले. रोज मी डायवरच्या खिडकीपाशी जायची, पदर पुढं ओढून डबा वर धरायची आणि तो घेतला की मागं फिरायची. दीड वर्षात त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी त्यानं हात खाली केला. मी डबा धरला, पण माझ्या हातातून तो सुटेना. मी तशीच गाडीला वळसा घातला आणि दारातून वर चढले.

"मावशी, डबा द्यायचाय न्हवं? द्या की इकडं," कंडक्टर म्हणाला.

"मी बी येते."

"कुठं?"

"डब्यासंग," मी म्हणाले. 

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग डायवरला ओरडून सांगितलं, "बगा, आज डब्याची मालकीन आली. डब्याला फुकट, मालकिनीला अर्धं तिकीट."

पुढच्या बाकांवरचे लोक हसले. माझ्या हाताला पीठ होतं आणि पायात घरातल्या चपला. माझी जाऊ हापशावर पाणी भरत होती. खिडकीतून तिला म्हणाले, "भाकरी झाकून ठेवलीय, सांजच्या गाडीनं येते." तिची घागर भरून वाहायला लागली तरी ती माझ्याकडंच बघत होती.

डायवरच्या मागची खिडकीची जागा रिकामी होती, तिथं बसले. डबा डोळ्यापुढं राहावा एवढाच हेतू. याआधी मी नांदेडला चार-पाच वेळा गेले असेन, पण लग्नाच्या जीपमध्ये बायकांच्या गुडघ्यात गुडघे अडकवून, नाहीतर लोह्याहून दुसऱ्या गाडीत मालकांच्या शेजारी. खिडकी त्यांना लागते, तंबाखू थुंकायला. रस्ता मला ऐकून माहीत होता, बघून नव्हता.

पहिला धक्का तिथंच बसला. मला वाटायचं, डबा गाडीत गेला की कुठंतरी बाकाखाली पायात पडत असेल. डायवरच्या पाठीमागं एक जाड तार ताणून बांधलेली होती आणि तारेला आकडे होते. माझा डबा त्यानं एका आकड्याला अडकवला आणि दोन वेळा हलवून बघितला, लेकराला झोपाळ्यात टाकल्यावर बघतात तसा. पुढच्या प्रत्येक गावाला गाडी थांबली की कुणाची आई, कुणाचा आजा, कुणाची वहिनी डबा वर करायची. लोह्यापर्यंत तार भरली. वळणावर सगळे डबे एका बाजूला जायचे आणि एकदमच परत यायचे. गतिरोधक आला की गाडी मुंगीच्या पावलानं चालायची.

एक तरुण माणूस मागून ओरडला, "डायवर, बैलगाडी हाय का ही?"

"वरन हाय आत," डायवर मागं न बघता म्हणाला. "सांडलं तर चार माया मला शिव्या देतेत. तू देतोस का त्याहिला उत्तर?"

माझी कढी दीड वर्षात एकदाही सांडली नव्हती. मी ते माझ्या झाकण लावण्याचं कसब समजत होते.

लोह्याच्या पुढं एका गावात रस्ता अरुंद आहे आणि गाडी घरांच्या भिंतींना खेटून वळते. गाडीत बसलेल्याला भिंतीच्या आतलं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. रस्त्यानं चालणाऱ्याला फक्त भिंत. मला एकदम एक अंगण दिसलं. एक म्हातारी पोत्यावर बसली होती, पांढरे केस मोकळे सोडून. तिच्या मागं धोतरातला म्हातारा उकिडवा बसून तिचे केस विंचरत होता. एका हातानं बट धरायची, दुसऱ्या हातानं फणी. बाजूला तेलाची वाटी.

 नवऱ्यानं बायकोचे केस विंचरलेले मी आयुष्यात बघितले नव्हते. ऐकलेही नव्हते. माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली. माझे केस किती लांब आहेत हे आमच्या मालकांना ठाऊक असेल का, मला सांगता येणार नाही. मी खिडकीतून डोळे काढून घेतले, जसं काही त्या दोघांनी मलाच उघड्या डोक्यानं पकडलं होतं. पण डायवरनं हॉर्न वाजवला, एकदाच, अगदी लहान. मी परत बघितलं. म्हाताऱ्यानं वर न बघता फणीचा हात उंच केला.

"तिचे हात चालत न्हाईत," डायवर कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. "रोज ह्याच टायमाला. गाडीला उशीर झाला की त्यो इचारतो, आज काहून लेट."

पुढं कंधारकडच्या फाट्यावर गाडी दहा मिनिटं थांबते. कंडक्टर म्हणाला, कुणाला उतरायचं तर उतरा. बायका उतरून बाभळींच्या आड गेल्या. मीही गेले. पण मला त्यांच्याजवळ बसायची लाज वाटली, म्हणून मी अजून आत गेले, मग अजून थोडी आत. पुढं घाणेरीची दाट झुडपं होती. त्यांच्या पलीकडं आडोसा बरा असेल म्हणून फांदी बाजूला केली आणि पाऊल टाकणार तो खाली जमीनच नव्हती.

मी फांदी धरून मागं बसलेच.  मग सरपटत पुढं जाऊन वाकून बघितलं.

बारव होती. चारही बाजूंनी पायऱ्या उतरत उतरत खाली गेलेल्या, काळ्या दगडाच्या, एकाखाली एक, इतक्या नीट की कुणी घडी घालून ठेवल्यासारख्या. तळाला हिरवं पाणी आणि त्यात आभाळाचा एक तुकडा. दगडांच्या फटीतून दोन पिंपळ वर आले होते. एक निळा पक्षी पाण्यावरून सुरकन गेला आणि माझ्या समोरच्या भिंतीतल्या भोकात शिरला. रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर. या रस्त्यानं मी बावीस वर्षांत माहेरी-सासरी, लग्नाला, दवाखान्याला कितीदा गेले. मला कुणीच सांगितलं नव्हतं. कदाचित कुणाला माहीतही नसेल. एवढं मोठं काम करून कुणी असं झाकून ठेवतं का?

मी काही पायऱ्या उतरले. भिंतीत कोनाडा होता आणि कोनाड्यात दगडात कोरलेली एक बाई. तिनं एक पाय वर उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला होता, वाकली होती आणि तळपायातला काटा काढत होती. अंगावर दागिने होते, पदर नव्हता. मी घाबरून मागं बघितलं, कुणी मला तिच्याकडं बघताना बघतं आहे का म्हणून. मग परत बघितलं. तिला कुणाची फिकीर नव्हती. काटा निघतो की नाही एवढंच. इकडं रानात जाणारी प्रत्येक बाई असंच वाकून काटा काढते. मीही काढते. पण ते कुणी दगडात करून ठेवावं एवढं त्यात काय आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

तिच्या पायाशी झेंडूचं एक ताजं फूल होतं. पाण्याचे थेंब होते त्यावर.

हॉर्न वाजला. मी काट्याकुट्यातून पळत गाडीपाशी आले. जाग्यावर बसल्यावर बघितलं, डायवरच्या आरशाला झेंडूची माळ होती आणि तो पाण्याचा भरलेला कॅन पायापाशी ठेवत होता. त्याच्या बाह्या ओल्या होत्या. त्यानं माझ्या साडीला चिकटलेली घाणेरीची पानं बघितली. मग गाडी सुरू केली. 

नांदेड येईपर्यंत मी डब्याकडं बघायचं विसरून गेले होते, हे लिहायला मला लाज वाटते. शिजलेल्या हळदीचा वास खिडकीतून येत होता, वावरात पिवळे सडे वाळत पडले होते, आणि मी बाहेरच बघत होते. गोदावरीवरच्या पुलावर गाडी आली तेव्हा एकदम आठवलं, आपण कशाला निघालो आहोत. 

स्टँडवर डायवरनं तारेवरचे डबे दोन्ही हातांत चार-चार धरून उतरवले आणि चौकशीच्या खिडकीपलीकडच्या लांब बाकावर ओळीनं ठेवले. मी खाली उतरले आणि तिथंच थिजले.

बाकावर तीसेक डबे होते. भोकरचे, नायगावचे, देगलूरचे, उदगीरकडचे, सगळ्या गाड्यांचे. आणि त्यातले निम्म्याहून जास्त माझ्याच साडीत बांधलेले होते.

मोरपंखी रंग, त्यावर पांढऱ्या कैऱ्या. ही साडी आम्हाला रेशनकार्डावर मिळाली होती. मी ती वर्षभर नेसले, मग फाडून तिचे डबा बांधायला चौकोन केले. मला वाटलं होतं, हे शहाणपण मलाच सुचलं. मोरपंखी फडकं दिसलं की पोरीनं उचलायचं, एवढीच आमची खूण. आणि इथं सगळ्या आयांनी तेच केलं होतं. मी बाकाकडं बघत राहिले. त्या कोणत्याच बाईला मी ओळखत नव्हते, पण प्रत्येकीनं कडेचा काठ जपून ठेवला होता, माझ्यासारखाच.

म्हणजे डबा बदलत असणार. इतके महिने माझ्या पोरीचं रक्त कुणा दुसऱ्याच्या अंगात जातं आहे. मी खांबाच्या मागं उभी राहिले. माझा डबा डावीकडून तिसरा होता, त्याच्यावरची नजर हलवली नाही.

थोड्या वेळानं दोन पोरी आल्या. एक माझी. दुसरी भरल्या अंगाची, गालांवर लाली, अशी की बघितलं की वाटावं, हिच्या घरी दूधदुभतं दिसतं. त्या पोरीनं सरळ माझा डबा उचलला. चाचपला नाही, शोधला नाही. माझ्या पोरीनं कडेचा दुसरा एक उचलला. दोघी काहीतरी बोलून हसल्या आणि बाहेर पडल्या.

चूक नव्हती तर. दोघींना माहीत होतं.

मी पदर पुढं ओढून त्यांच्या मागं चालले. माझ्या पायातल्या चपला फट्‌फट्‌ वाजत होत्या, म्हणून काढून हातात घेतल्या. दोन बोळ, एक भाजीची गल्ली, मग उतार, आणि एकदम समोर नदी. घाटाच्या पायऱ्यांवर एक जुनी कमान आहे. तिच्या सावलीत त्या बसल्या. मी वरच्या कठड्याशी.

त्या दुसऱ्या पोरीनं माझा डबा उघडला. शेवग्याच्या भाजीत बाजरीची भाकरी बुडवून ती अशी जेवायला लागली की आमच्या घरात ती भाजी कुणी कधी तशी खाल्ली नाही. बोटं चाटत होती. आणि माझी पोरगी, जी घरी दीड भाकरी टाकून उठते, तिनं त्या दुसऱ्या डब्यातली कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, कसली तरी हिरवी भाजी, लाल चटणी, दही, सगळं खाल्लं. शेवटी तिनं वाटी बोटानं पुसली.

ती जेवते हे बघून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

चपला हातातून निसटल्या आणि दोन पायऱ्या खाली पडल्या. पोरीनं वर बघितलं.

"आई?"

मी खाली उतरले.  म्हणाले, "ह्यो कुणाचा डबा हाय?"

"हिचा," ती म्हणाली. "आई, तू एकटी आलीस? गाडीनं?"

"माझा डबा हिनं कामून खाल्ला?"

दुसरी पोरगी घास तोंडात धरून बसली होती. माझ्या पोरीनं मान खाली घातली. "दिवाळीनंतर एक दिवस बदलला होता. फडकं सारखंच. दुसऱ्या दिवशी आम्ही एकमेकींना शोधलं. हिला तुझी भाजी आवडली. मला हिच्या आईची. मग बदलतच राहिलो."

"आन दिवाळीच्या आधी?"

तिनं वाटीचं झाकण लावायला घेतलं.

"दिवाळीच्या आधी कोन खात होतं?"

"रोज शेवगा, आई," ती म्हणाली.  "रोज शेवगा, रोज जवस. डबा उघडला की वासानंच पोट भरायचं. मी... इथं माशांना टाकत होते. लाडू खोलीतल्या पोरी खायच्या. तुला सांगनार होते. तू सकाळी चारला उठतीस, कसं सांगू?"

राखीपासून दिवाळीपर्यंत. मी मनात सकाळी मोजल्या नाहीत, पण पाला तोडून हिरवी झालेली माझी नखं माझ्यापुढंच होती. नदीत खाली मासे दिसत होते, चांगले पोसलेले. मी पायरीवर बसले. 

मग ती दुसरी पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, ह्या डब्यानं ती जेवू तर लागली. आधी निस्ता चहा-बिस्कूट खाऊन राहायची. तुम्ही रागवा, पण आधी दोन घास खाऊन बगा." तिनं वाटीत उरलेली भाजी आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढं धरला.

तिचं आडनाव विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. लहानपणापासून लागलेली सवय ती. विचारलं नाही. घास घेतला.

आमच्याकडं जिला अंबाडी म्हणतात तीच भाजी होती. ती पुंडी म्हणाली. उदगीरच्या पुढं, कर्नाटकच्या अंगाला, तसंच म्हणतात. पण मी करते ती अंबाडी ही नव्हती. तुरीची डाळ होती, भरड्या कण्या होत्या, लसणाची करपत आलेली फोडणी वरून ओतलेली, आणि आंबटाच्या मागून कुठून तरी गुळाचा एक चटका. मी चाळिशीला आले. माहेरचं आणि सासरचं सोडून रोजचं जेवण म्हणून मी कुणाच्या हातचं खाल्लं नव्हतं. लग्नातलं, तेराव्याचं, ते वेगळं. हे कुणीतरी आपल्या लेकरासाठी केलेलं होतं. माझ्या डोळ्याला पाणी आलं ते रागाचं नव्हतं. आणि मला एकदम कळलं की राखीपासून मी पोरीला जेवण पाठवलं नव्हतं, औषध पाठवलं होतं.

"होळीला किती दिवस राह्यले?" मी विचारलं.

"महिना," पोरगी म्हणाली. मग माझा हात धरून, "आई, मला घरी नको आनू."

संध्याकाळच्या गाडीनं मी रिकामा डबा घेऊन परत आले. मालकांना म्हणाले, पोरीला बघून आले, जेवती बरी. ते म्हणाले, "एकटी गेलीस?" आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. डब्यांच्या अदलाबदलीचं मी सांगितलं नाही.

दोन दिवस विचार केला. पोरगी त्या बाईच्या हातचंच खाणार असेल तर रक्त वाढवायचं काम माझ्या हातात नव्हतं. त्या बाईच्या हातात होतं. पोरीच्या जुन्या वहीचं एक पान फाडलं. चौथीनंतर मी कुणाला काही लिहिलं नव्हतं. चार ओळींना एक दुपार गेली. लिहिलं, ताई नमस्कार, तुमची पुंडी खाल्ली, फार चांगली होती. माझी मुलगी तुमचा डबा खाते. तिला रक्त कमी आहे. जमलं तर तीळ, हिरवी भाजी, गूळ असं काही घालत जा. तुमच्या मुलीला काय लागतं ते मला सांगा, मी करीन. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाखाली ठेवलं. पोरीनं ते त्या दुसऱ्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि ते उदगीरच्या गाडीनं गेलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मोठं, वाकडं अक्षर, पेन्सिलीनं.

त्या बाईनं लिहिलं होतं, बाई, मला आधीच ठाऊक होतं. माझी पोरगी भाकरीचा पापुद्रा खात नाही. लहानपणापासून काढून ठेवते. डब्यात रोज पापुद्रे परत यायचे. दिवाळीनंतर यायचे बंद झाले. तेव्हाच ओळखलं, हे दुसरं कुणीतरी जेवतं आहे, आणि जो कोणी आहे तो भुकेला आहे. म्हणून मी भाकरी एक जास्त टाकायला लागले. रक्ताचं माहीत नव्हतं. आता बघते. तुमच्या शेवग्याला लसूण कमी पडतो असं पोरगी म्हणते. आणि तिला लाडू देऊ नका, दाढ किडली आहे.

ते पान हातात घेऊन मी चुलीपुढं कितीतरी वेळ बसून राहिले. मी एवढी गाडीत बसून, बोळातून, चपला हातात घेऊन शोधायला गेले. ती बाई घरातून हललीही नव्हती. नुसते पापुद्रे बघून तिला कळलं. माझा डबा दीड वर्ष रिकामा येत होता आणि मला त्याचं समाधान होतं. रिकाम्या डब्यात काय काय दिसतं, हे मी कधी वाकून बघितलंच नव्हतं.

त्यानंतर मी डायवरच्या खिडकीपाशी डबा देताना थांबायला लागले. एक दिवस धीर करून विचारलं, "त्या म्हाताऱ्या बऱ्या हायत का?" त्याला कोण ते सांगावं लागलं नाही. "बऱ्या हायत," तो म्हणाला. "काल येनी घातलती. लाल रिबिन." दुसऱ्या सकाळी दारातलं जास्वंदीचं एक फूल मी डब्याच्या गाठीत खोचून दिलं. कुणासाठी ते मी बोलले नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "पोचलं."

होळीच्या आदल्या दिवशी पोरगी आली. सिस्टरबाईंनी बोट टोचलं. मालक दारात उभे होते, पोरीची पुस्तकांची पिशवी त्यांच्या पायाशी. ती पिशवी घरात न्यायची की परत गाडीत टाकायची ते आता ठरणार होतं.  सिस्टरबाईंनी एकदा बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.

"नऊ," त्या म्हणाल्या. "नऊच्या वर एक केस. औषधापेक्षा आईच्या हातचं लागतं, ते असं."

"म्या दम दिला तवा वाढलं," मालक म्हणाले. "आता दम कमी करायचा न्हाई." पण पिशवी उचलून त्यांनी पोरीच्या हातात दिली.

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं.

सण झाला, पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेवग्याची भाजी फोडणीला टाकली. पत्र आल्यापासून घालते तशा लसणाच्या चार पाकळ्या जास्त घातल्या, लाडू ठेवले नाहीत.